भारत ब्लॉक केला की झालं का? वेबकॅमवर काम करताना ओळख कशी जपायची

प्रश्न: मी २७ वर्षांची आहे, नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडमध्ये राहते. प्रौढांसाठीच्या वेबकॅम साइटवर काम सुरू करायचा विचार आहे. नवऱ्याला माहीत आहे, त्याची हरकत नाही. पण माहेर साताऱ्याकडचं, सासर पुण्याचं. तिकडे कुणाला कळता कामा नये. साइटवर भारत ब्लॉक केला की पुरतं का? चेहरा दाखवावा का? आणि उद्या कुणी धमकी दिलीच तर काय करायचं, ताई?

उत्तर:

भारत ब्लॉक कर, जरूर कर, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. मी हे काम बरीच वर्षं केलं आणि आता नव्याने येणाऱ्या मुलींना खाती, पैसे, खोली यांची घडी बसवून देते. ज्यांची ओळख फुटलेली मी पाहिली, त्यांतल्या फार थोड्यांची हॅकरने फोडली. बाकीच्यांच्या दोन आयुष्यांना जोडणारं काहीतरी एक मागे राहून गेलं होतं. फोन नंबर, जुना ईमेल, एखादा फोटो, बँकेचं खातं, नाहीतर दोन्हीकडे दिसणारा तोच पडदा. कुणीतरी तो दुवा ओढला आणि सगळं उलगडलं. त्यामुळे महागडी सॉफ्टवेअरं घेण्याआधी हे दुवे एकेक करून शोधायचे आणि तोडायचे.

सर्वांत आधी कायद्याचं बोलू, कारण ते चुकलं तर पुढच्या काळजीला अर्थ नाही. डिपेंडंट व्हिसावर सहसा स्वयंरोजगार चालतो. तरी तुझ्या ईव्हिसावरच्या अटी एकदा नीट वाच. स्टुडंट व्हिसावरच्या मुली हे वाचत असतील तर त्यांनी इथेच थांबावं. त्या व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे आणि कॅमचं काम स्वयंरोजगारातच मोडतं. दुसरं, सुट्टीला पुण्याला गेलीस की काम पूर्ण बंद. ‘दोन तास लॉगिन करते, कुणाला काय कळतंय’ असं अजिबात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लैंगिक कृती दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध वा प्रसारित करण्याला लागू होतं. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या मर्जीने स्वतःचंच चित्रण केलं म्हणून त्यात सूट नाही. शिवाय कलम ७५ असं सांगतं, की भारतातला संगणक किंवा नेटवर्क गुंतलेलं असेल तर परदेशात केलेल्या कृतीलाही हा कायदा लागू होतो. भारत ब्लॉक करायला काका-मामांखेरीज हेही एक कारण आहे. मी वकील नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर तासभराची फी देऊन एका वकिलाशी बोलून घे.

आता ब्लॉकचं. चॅटरबेटसारख्या बहुतेक मोठ्या साइटवर देश निवडून बंद करता येतात. तो ब्लॉक चालतो आयपी पत्त्यावर. प्रेक्षक कोण आहे हे साइटला कळत नाही, त्याचं कनेक्शन कुठून आलं एवढंच कळतं. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर भारतात ८२७ पॉर्न साइट बंद करण्यात आल्या. त्यानंतर तिकडच्या कितीतरी प्रेक्षकांच्या हातात व्हीपीएन आलं, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून जोडलेलो आहोत असं दाखवणारी सोय. त्यामुळे असं काही बघायची सवय असलेला, तुला ओळखू शकेल असा सातारचा माणूस साइटला नेदरलँड्समधून आलेला दिसणार. २५ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी कायद्याखाली वय-पडताळणी सुरू झाली, तेव्हा इथेही व्हीपीएनची अ‍ॅप डाउनलोडच्या यादीत एकदम वर गेली. नेमक्या ज्या दोन देशांत तुझ्या ओळखीची माणसं आहेत, तिथलेच प्रेक्षक स्वतःचा देश लपवून फिरतायत.

आणि तुझी आतेबहीण न्यू जर्सीत असेल, मामेभाऊ दुबईत, नवऱ्याचा कॉलेजचा मित्र सिडनीत. आपली माणसं जगभर पसरलेली आहेत. अमेरिका ब्लॉक करशील तर कमाईचा मोठा भाग जाईल, कारण टिप देणारे प्रेक्षक मुख्यतः तिथलेच.

याहून मोठी अडचण रेकॉर्डिंगची. साइटवर सगळ्यांना उघड दिसणारं जवळजवळ सगळं प्रक्षेपण बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅम, आपोआप टिपून ठेवतात आणि वेगळ्याच साइटवर चढवतात. तिथे तुझा ब्लॉक लागू नाही. कालचा शो आज तिथे असतो आणि तू काम सोडल्यावरही तिथेच राहतो. म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की धर: कॅमेऱ्यासमोर आलेलं सगळं कायमचं नोंदलं गेलं आणि ते कुठूनही बघता येतं. हे मान्य होत असेल तरच पुढे जा. ब्लॉकमुळे योगायोगाने समोर येण्याची शक्यता बरीच कमी होते. तेवढ्यासाठी तो हवाच.

इथे एक गोष्ट समजून घे. तुला दोन वेगळ्या माणसांपासून लपायचं आहे आणि ते उलट दिशांनी येतात. एक नातेवाईक. त्याला तुझं खरं नाव, चेहरा, आवाज माहीत आहे. तो चुकून तुझ्या शोपर्यंत पोहोचतो. दुसरा प्रेक्षक. त्याला फक्त तुझं रंगमंचावरचं नाव माहीत आहे. तो मुद्दाम, चिकाटीने तुझ्या खऱ्या नावापर्यंत यायला बघतो. पहिल्यासाठी ब्लॉक, मुखवटा आणि दिसण्यातला बदल उपयोगी पडतात. दुसऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, त्याला अडवतात वेगळा नंबर, वेगळा ईमेल आणि बोलताना पाळलेली सावधगिरी. पुष्कळ मुली यांतल्या एकाचीच भीती बाळगतात आणि दुसरं दार उघडं ठेवतात.

चेहऱ्याचं उत्तर तुझ्या प्रश्नात मला आधीच दिसतंय. ‘तिकडे कुणाला कळता कामा नये’ ही तुझी अट पक्की असेल तर चेहरा दाखवू नकोस. ‘कळलं तर वाईट वाटेल, पण निभावून नेऊ’ अशी अट असेल तर विचार करता येईल. अधलंमधलं काही नाही. चेहऱ्याशिवाय कमाई कमी होते, पण होते. मानेखालची चौकट ठेवणाऱ्या, मुखवटा घालणाऱ्या बऱ्याच जणी व्यवस्थित कमावतात. फक्त मुखवटा असा घे, की तो डोळ्यांभोवतीचा भाग आणि नाक दोन्ही झाकेल, आणि हालचालीत घसरणार नाही. आधी एकटीने तासभर घालून रेकॉर्ड करून बघ. विग आणि भडक मेकअपने शेजारची काकू फसेल, यंत्र फसेलच असं नाही. पिमआइजसारख्या साइटवर कुणीही एक स्क्रीनशॉट टाकतो आणि त्या चेहऱ्याचे इंटरनेटवरचे बाकी फोटो समोर येतात: कंपनीच्या वेबसाइटवरचा, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातला, कुणाच्या लग्नाच्या अल्बममधला. सुरुवात करण्याआधी स्वतःचाच फोटो तिथे टाकून बघ. जे सापडेल ते काढता आलं तर काढ, आणि पिमआइजवर आपला चेहरा निकालांतून वगळण्याची विनंती करता येते तीही कर. लिंक्डइनचा फोटो कुणालाही दिसतो का, हे तपास. विवाहमंडळाच्या साइटवर लग्नाआधी केलेलं प्रोफाइल अजून जिवंत आहे का, तेही बघ. ते बंद करायला सगळ्याच विसरतात आणि त्यात उंचीपासून मामेकुळापर्यंत सगळं लिहिलेलं असतं.

चेहरा झाकला तरी अंगावरच्या खुणा उरतात. गोंदण, ठळक तीळ, भाजल्याचा डाग, उलटनथीचं भोक. टॅटू झाकायचं वेगळं जाड कन्सीलर मिळतं. मंगळसूत्र, लग्नातली अंगठी, रोजच्या बांगड्या काढून ठेव. काही प्रेक्षक मंगळसूत्र घाल म्हणून जास्त टोकन, म्हणजे साइटवरचे पैसे, देऊ करतील. घालायचंच असेल तर बाजारातलं खोटं घाल. स्वतःचं घडवून घेतलेलं नको. त्याच्या वाट्या आत्याला पाठ असतात.

खोलीबद्दल लोक जेवढं समजतात त्याहून ती जास्त बोलते. इंग्लंडचा तीन चौकोनी पिनांचा प्लग भिंतीवर दिसला की देश कळला. खिडकीतून समोरची घरं दिसली की गल्ली शोधणारे रिकामटेकडे आहेत. भिंतीवर कालनिर्णय, कोपऱ्यात देव्हारा, कपाटावर हळदीकुंकवाची वाटी यांतलं काहीही चौकटीत नको. आरसा, काळा टीव्ही, चष्म्याची काच यांत खोलीची दुसरी बाजू उमटते. एक साधा एकरंगी पडदा मागे लाव. तो फक्त कामापुरता वापर. तोच पडदा मागे असताना आईशी व्हिडिओ कॉल करू नकोस. चादर, उशी, कुर्ता यांनाही हाच नियम. इन्स्टाग्रामवर ज्या कुर्त्यात दिवाळीचा फोटो आहे तो इथे येता कामा नये. आवाजही ऐकत जा. कुकरची शिट्टी, जवळच्या स्टेशनची उद्घोषणा, उन्हाळ्यात गल्लीत येणाऱ्या आइस्क्रीमच्या गाडीची धून. मायक्रोफोनची संवेदनशीलता कमी करून मागे हलकं, स्वामित्वहक्कमुक्त संगीत ठेवलं की बरंच झाकलं जातं.

आणि भाषा. ठेच लागली की तोंडून ‘आई गं’ निघतंच, ते थांबवता येत नाही. पण जाणूनबुजून टाकलेल्या गळाला लागायचं नाही. चॅटमध्ये कधीतरी रोमन लिपीत ‘कुठली गं तू?’ असं येईल. ज्याने लिहिलं तो तुझी प्रतिक्रिया बघत असतो. न हसता, न थबकता, परकी भाषा दिसल्यासारखं पुढच्या ओळीवर जायचं. ‘इंडियन’ हा टॅग लावला की प्रेक्षक वाढतात हे खरं, पण वाढणारे प्रेक्षक नेमके तेच, ज्यांच्यापासून तुला लांब राहायचं आहे. मी तो लावू नको असंच सांगेन. ‘लॅटिना’ वगैरे खोटं लावायचीही गरज नाही, प्रोफाइलमधला तो रकाना रिकामा ठेव.

आता कॅमेऱ्यासमोरच्या तुझ्या पात्राचं बोलते. दर वेळी नवं खोटं बोललीस तर तुझं तुलाच आठवणार नाही, आणि नेहमी येणारा प्रेक्षक मात्र सगळं लक्षात ठेवतो. मी एकाला अक्षरशः वहीत नोंदी ठेवताना पाहिलंय, त्याने प्रेमानेच ती वही कॅमेऱ्यासमोर धरली होती. आज पाऊस आहे म्हणालीस, उद्या बँक हॉलिडे म्हणालीस, परवा ट्रेनचा संप म्हणालीस, की वर्षभरात शहर निघतं. म्हणून एकच पात्र ठरव: नाव, वाढदिवस, शहर. शहर असं निवड, जिथे तू पूर्वी राहिली आहेस पण आता नाहीस. म्हणजे बोलता येतं आणि शोधून काही सापडत नाही. वाढदिवस खरा नको. नाव निवडताना ते आधी इंटरनेटवर शोध आणि ते पूर्वी कुठल्याही गेमच्या, फोरमच्या, जुन्या याहू आयडीच्या नावाशी जुळत नाही ना, ते बघ. सहलीचे फोटो टाकायचेच असतील तर घरी परतल्यावर.

फोन नंबरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आपल्या लोकांत ओळख बहुधा तिथूनच फुटते. कामासाठी वेगळा फोन घे. जुना, दुसऱ्या हाताचा चालेल. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिम ओळखपत्राशिवाय मिळतं, ते त्यात घाल. खऱ्या फोनवरून त्या नंबरला एकदाही कॉल करू नकोस आणि दोन्ही फोनवर एकच गूगल किंवा अ‍ॅपल खातं ठेवू नकोस. कामाच्या फोनमध्ये एकही खरा संपर्क जतन करायचा नाही आणि कुठल्याही अ‍ॅपला संपर्कयादी वाचायची परवानगी द्यायची नाही. कारण सांगते. फेसबुकसारखी अ‍ॅप लोकांच्या फोनमधल्या संपर्कयाद्या जुळवून ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून माणसं सुचवतात. २०१७ मध्ये गिझमोडो या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या साइटने यावर सविस्तर बातमी केली होती. सेक्सवर्क करणाऱ्या बायकांना त्यांचे गिऱ्हाईक खऱ्या नावाच्या खात्यावर सुचवले जात होते, आणि गिऱ्हाइकांना त्या. त्यांनी वेगळं नाव, वेगळा ईमेल सगळं केलेलं होतं. तू काळजी घेतलीस तरी समोरच्याने आपली यादी चढवली की जोडणी होऊ शकते. म्हणून समोरच्याकडे तुझा खरा नंबर जायलाच नको.

भारतीय नंबर असेल तर ट्रूकॉलर लक्षात घे. तुझं नाव इतरांनी आपापल्या फोनमध्ये कसं जतन केलंय, त्यावरून ते अनोळखी माणसाला दिसतं. पूर्ण नाव, कधी गावासकट, कधी ‘अमक्या सरांची मुलगी’ अशा थाटात. म्हणून भारतीय सिम या कामाच्या आसपासही नको. व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. टेलिग्राम वापरणार असशील तर नंबर कुणालाच दिसणार नाही अशी सेटिंग कर आणि कॉलच्या सेटिंगमध्ये थेट जोडणी ‘कधीच नाही’वर ठेव, नाहीतर समोरच्याला तुझा आयपी पत्ता मिळू शकतो. सिग्नलवरही कॉल नेहमी त्यांच्या सर्व्हरमार्फत जातील अशी सेटिंग आहे, आणि २०२४ पासून तिथे नंबर न देता यूजरनेमने बोलता येतं. प्रेक्षकाने पाठवलेल्या लिंकवर क्लिक करायचं नाही. कितीही जुना प्रेक्षक असला तरी.

ईमेलही तसाच, प्रत्येक साइटला वेगळा. हे अति वाटेल, म्हणून उदाहरण देते. जुलै २०२५ मध्ये लव्हेन्स या सेक्स टॉय बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतली एक त्रुटी उघड झाली. नुसत्या यूजरनेमवरून त्या खात्याचा ईमेल पत्ता काढता येत होता. यूजरनेम तर कॅम मॉडेल जाहीरच करतात. ज्यांचा ईमेल नाव-आडनावाचा होता त्यांचं नाव एका झटक्यात बाहेर. ज्यांनी फक्त त्यासाठी वेगळा पत्ता केला होता त्यांचं नाव त्यातून कळत नव्हतं.

ओळखपत्र मात्र साइटला खरंच द्यावं लागतं, त्यातून सुटका नाही. अमेरिकन कायद्याप्रमाणे कलाकार सज्ञान असल्याच्या नोंदी ठेवणं बंधनकारक आहे आणि बहुतेक मोठ्या साइट ते पाळतात. म्हणजे तुझं खरं नाव कुठेतरी एका सर्व्हरवर असणारच. तो सर्व्हर उघडा पडू शकतो. जानेवारी २०२० मध्ये पुसीकॅश या कॅम साइटच्या जाळ्याच्या साठ्यातून ४,००० हून अधिक मॉडेलांचे पासपोर्ट आणि ओळखपत्रांचे स्कॅन उघड्यावर सापडले. त्याच वर्षी कॅम४ या साइटचा आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रिपचॅट या साइटचा डेटाबेस पासवर्डविना उघडा आढळला. तुझ्या हातात एवढंच आहे की पाच साइटवर नाव नोंदवण्यापेक्षा एकदोनच निवडायच्या, आणि पर्याय असेल तर घरचा पत्ता नसलेलं ओळखपत्र द्यायचं. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्सवर पत्ता असतो. आपल्या नेहमीच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, वडील, नवरा आणि पत्ता असं सगळं छापलेलं असतं. साइटने फोटोचं पान मागितलं असेल तर फक्त तेच पान दे, शेवटचं आपणहून पाठवू नकोस. ‘आम्ही खातं चालवतो, तू फक्त कॅमेऱ्यासमोर बस’ म्हणणाऱ्या मॅनेजराला ओळखपत्रही द्यायचं नाही आणि पासवर्डही नाही. रोमानिया आणि कोलंबियात हा व्यवसाय स्टुडिओंमधून चालतो. तिथे खातं स्टुडिओच्या ताब्यात असलं की मुलगी निघून गेली तरी खातं तिचं राहत नाही, अशा तक्रारी जुन्या आहेत.

पैशांचं. प्रेक्षकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, मग तो कितीही गयावया करो. साइटचं टोकन महाग पडतं, साइट मोठा वाटा कापते, सगळं खरं. पण तो वाटा तुझं नाव लपवण्याची किंमत आहे. पेपॅलवर नाव दिसू शकतं, शिवाय प्रौढ कामाचे पैसे दिसले की खातं बंद होतं. भारतातला कुणी ‘यूपीआयने पाठवतो’ म्हणाला तर लगेच विषय बदल. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधीच समोर बँकेतलं पूर्ण नाव येतं. एक रुपयाही न पाठवता त्याला हवं ते मिळालेलं असतं. भेटवस्तूंच्या यादीचंही तसंच. अ‍ॅमेझॉनवर तिसऱ्या विक्रेत्याकडून माल आला तर पत्ता त्याच्यापर्यंत आणि तिथून खरेदीदारापर्यंत जाऊ शकतो. घरचा पत्ता कुठल्याच यादीत नको.

साइटकडून येणाऱ्या पैशांसाठी स्वतःच्या एकटीच्या नावावर वेगळं खातं उघड. संयुक्त खात्याचं स्टेटमेंट कधीतरी घराच्या कर्जासाठी, व्हिसाच्या नूतनीकरणासाठी कुणाच्या तरी टेबलावर जातं. कर मात्र नीट भर. वर्षाला १,००० पौंडांवर उत्पन्न गेलं की एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, नोंदणी करावी लागते. ती माहिती सार्वजनिक नसते आणि कॅमचं काम ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे, त्यामुळे तिथे लपवायचं काहीच कारण नाही. उलट कर चुकवलास तर धमकी देणाऱ्याच्या हाती आणखी एक हत्यार दिलंस. एक सल्ला अकाउंटंट देईल, की लिमिटेड कंपनी काढ, कर वाचेल. घाई करू नकोस. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउस या सरकारी कार्यालयाच्या नोंदी कुणालाही फुकट बघता येतात. त्यात संचालकाचं पूर्ण नाव, जन्माचा महिना आणि वर्ष, कंपनीचा नोंदणीकृत पत्ता सगळं दिसतं. एकल व्यावसायिक राहिलीस तर अशी कुठलीही सार्वजनिक नोंद होत नाही.

संगणकाचं थोडक्यात: कामासाठी वेगळं यूजर खातं, वेगळा ब्राउझर, सगळ्या नोटिफिकेशन बंद, आणि स्क्रीन शेअर कधीच नाही. फोटो पाठवताना त्यातली स्थळाची माहिती काढून टाक. मोठ्या सोशल साइट ती आपोआप काढतात, पण ईमेलने किंवा फाइल म्हणून पाठवलेल्या फोटोत ती तशीच जाते.

‘तू काय करतेस’ हे मंडळात हमखास विचारलं जाणार. ‘अमेरिकेच्या कंपनीसाठी ऑनलाइन कस्टमर सपोर्ट’ हे उत्तर चांगलं टिकतं. रात्रीची वेळ जुळते, घरून काम जुळतं, बंद खोली जुळते. आयटी सांगू नकोस. लगेच कुणाचा तरी भाचा रेझ्युमे पाठवेल.

आता धमकीचं. ‘तुझे व्हिडिओ तुझ्या घरच्यांना पाठवतो, नाहीतर पैसे दे’ असा मेसेज आला की आधी एक तास काहीही उत्तर देऊ नकोस. पैसे तर अजिबात नाही. पैसे दिले की त्याला दोन गोष्टी कळतात: तू घाबरलीस आणि तुझ्याकडे आहेत. मागणी परत येते, वाढून येते. दुसरं, त्याला खरंच काही माहीत आहे का ते बघ. बहुतेकांना फक्त रंगमंचावरचं नाव माहीत असतं आणि ‘घरचे’ हा हवेत मारलेला दगड असतो. ‘तुला माझं नाव कसं कळलं?’ असं विचारलंस की त्याचा अंदाज तूच खरा ठरवलास. सगळे मेसेज, प्रोफाइलचा पत्ता, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घे, मगच ब्लॉक कर आणि साइटला कळव.

त्याच्याकडे खरं नाव असेल तर पोलिस. इंग्लंडमध्ये पैशांसाठी अशी धमकी देणं हा १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टखाली ब्लॅकमेलचा गुन्हा आहे, १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तुझं काम काय यावर ते अवलंबून नाही. रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन २०१५ पासून काम करते आणि सेक्सवर्क करणाऱ्यांनाही मदत करते. तिच्याच मंडळींनी २०२१ मध्ये स्टॉपएनसीआयआय सुरू केलं. त्यात तुझा फोटो किंवा व्हिडिओ तुझ्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की मजकूर अडवू शकतात. नातेवाइकांपर्यंत गोष्ट पोहोचते ती याच ठिकाणांवरून, म्हणून हे उपयोगी. धमकी देणारा भारतातला असेल तर तिकडच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, पण कलम ६७अ लक्षात घेऊन, आधी वकिलाशी बोलून मगच.

चोरून चढवलेली रेकॉर्डिंग काढायला मात्र खाजगीपणाच्या कायद्यापेक्षा स्वामित्वहक्काची नोटीस जास्त चालते. ते चित्रण मुळात तूच जाहीर दाखवलेलं असतं, त्यामुळे ‘संमतीविना प्रसिद्ध केलं’ हे सिद्ध करणं अवघड जातं. यातही एक सापळा आहे. नोटिशीवर खरं नाव आणि पत्ता लिहावा लागतो आणि तो समोरच्या साइटच्या मालकाकडे जातो. गूगलला पाठवलेल्या नोटिशी तर लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात आणि तिथे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. व्हिडिओ काढायला गेलेल्या बाईने स्वतःचं नाव त्या व्हिडिओच्या पत्त्याशेजारी कायमचं लिहून ठेवलेलं मी पाहिलंय. म्हणून ही नोटीस स्वतः पाठवू नकोस. असं काम करणाऱ्या एजन्सी आहेत, त्या स्वतःच्या नावाने पाठवतात. महिन्याचा हा खर्च पहिल्या दिवसापासून धर.

एक उरलं. समजा सगळं करूनही एक दिवस पुण्याहून फोन आला, ‘ही तीच का?’ डीपफेकच्या काळात ‘ती मी नाही, कुणीतरी बनवलेलं आहे’ हे उत्तर बऱ्यापैकी खपतं, विशेषतः चेहरा झाकलेला असेल तर. पण ते एकदाच चालतं. नंतर ‘मग पोलिसांत तक्रार का नाही केली?’ असा प्रश्न सासरे विचारणारच, त्याचंही उत्तर हवं. खरं सांगायचं ठरलं तर किती सांगायचं आणि कुणाला, तेही हवं. यांतलं कुठलं निवडायचं हे मी तुला सांगणार नाही, ते तुमच्या घरावर आहे. फक्त ते नवऱ्याबरोबर बसून आताच ठरव, खातं उघडण्याच्या आधी. पहिला फोन बहुधा त्यालाच येईल, तुला नाही, आणि त्या क्षणी तो काहीतरी सुचेल ते बोलून गेला तर नंतर तुलाही तेच बोलावं लागेल.